क्षचा वर्ग मोठा की क्ष?

रात्रीचे साडेअकरा झाले होते. मेडिसिनच्या वॉर्डातला राउंड आटोपला होता, एक वृद्ध रुग्ण सोडला तर बाकी सगळे स्थिर होते आणि सिस्टरांनी चहा मागवला होता. आमची इंटर्न ड्युटी रूमच्या टेबलावर एक जाडजूड पुस्तक उघडून बसली होती. वैद्यकाचे असेल म्हणून मी डोकावलो, तर निघाले गणिताचे.

'सर, जीआरई देतेय,' ती थोडी ओशाळून म्हणाली. 'अमेरिकेत एमपीएचला अर्ज करायचाय.'

सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी तिकडची काही विद्यापीठे या परीक्षेचे गुण पाहतात. मी म्हटले, 'दाखव बघू एखादं गणित.' तिने पुस्तक माझ्याकडे वळवले. प्रश्न एका ओळीचा होता. राशी ए : क्षचा वर्ग. राशी बी : क्ष. मोठी कोणती?

मी चहाचा कप खाली न ठेवताच 'ए' म्हणालो. दहावीला गणितात दीडशेपैकी एकशे छत्तीस मिळवलेला माणूस आणखी काय करणार?

'सर, डी,' ती म्हणाली.

हा 'डी' काय आहे, ते आधी सांगतो. जीआरई ही अमेरिकेतली एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिस ही संस्था घेते. सप्टेंबर २०२३ पासून ती आटोपशीर झाली आहे. गणिताच्या दोन विभागांत मिळून २७ प्रश्न आणि त्यांना ४७ मिनिटे. त्यातले बरेचसे प्रश्न या 'दोन राशींची तुलना' प्रकारचे असतात. काही सोडवून आकडा काढायचा नसतो, फक्त लहान-मोठे ठरवायचे असते. पर्याय दरवेळी तेच चार : ए मोठी, बी मोठी, दोन्ही समान आणि चौथा म्हणजे डी, दिलेल्या माहितीवरून नाते ठरवता येत नाही. अमेरिकेतल्या शाळकरी मुलांच्या सॅट परीक्षेतही पूर्वी हा प्रकार होता, २००५ मध्ये तो काढून टाकला. जीआरईने मात्र ठेवला आणि माझ्या मते बरे केले.

आता माझे उत्तर का चुकले ते पाहा. क्ष म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर ३, ५, १० असले आकडे आले. तीनचा वर्ग नऊ, दहाचा शंभर, तेव्हा वर्ग मोठा. पण क्ष अर्धा असेल तर त्याचा वर्ग पाव होतो, म्हणजे लहान. क्ष शून्य किंवा एक असेल तर दोन्ही सारखेच. उणे दोन असेल तर वर्ग चार, पुन्हा मोठा. संख्यारेषेवर क्ष कुठे बसला आहे हे प्रश्नात कुणी सांगितलेलेच नव्हते. 'एकापेक्षा मोठी पूर्ण संख्या' ही अट मी माझ्या मनातून आणून घातली होती आणि घातली आहे हे मला कळलेही नव्हते.

इंटर्नने वहीच्या पहिल्या पानावर एक छोटी यादी लिहून ठेवली होती : शून्य, एक, उणे एक, अर्धा, उणे अर्धा, शंभर. अक्षर दिसले की यातले दोन-तीन आकडे घालून बघायचे. एकाने ए मोठी आली आणि दुसऱ्याने बी, की तिथेच थांबायचे, उत्तर डी. सोपे वाटते. पण घाईत माणूस पहिला आकडा घालतो, तो पटतो आणि पुढे निघतो. रुग्ण तपासतानाही आमचे असेच होते.

तिने मला आणखी एका गणितात पकडले. राशी ए पाच क्ष, राशी बी तीन क्ष. मी क्ष दोन्हीकडून काढून टाकला, पाच मोठे की तीन? पाच. पुन्हा चूक. क्ष उणे दोन असेल तर एकीकडे उणे दहा आणि दुसरीकडे उणे सहा, म्हणजे बी मोठी. समीकरणात आपण दोन्ही बाजूंना बिनधास्त गुणतो-भागतो. असमानतेत मात्र ऋण संख्येने गुणले किंवा भागले की चिन्हाचे तोंड फिरते. म्हणून ज्याचे चिन्ह माहीत नाही त्याने भागायचे नाही. बेरीज-वजाबाकी मात्र केव्हाही चालते. तीन क्ष अधिक पाच आणि दोन क्ष अधिक नऊ यांची तुलना करायची असेल, तर दोन्हीकडून दोन क्ष आणि पाच वजा करा. उरते एवढेच, क्ष मोठा की चार? प्रश्न केवढा आटोपशीर झाला पाहा.

ही 'पेक्षा मोठा' आणि 'पेक्षा लहान'ची चिन्हे पहिल्यांदा छापली गेली ती १६३१ मध्ये, थॉमस हॅरियट या इंग्रज गणितज्ञाच्या पुस्तकात. तो बिचारा दहा वर्षांपूर्वीच वारला होता. तरुणपणी तो अमेरिकेत व्हर्जिनियाला जाऊन आला, तिथल्या तंबाखूचे औषधी गुण त्याने १५८८ साली पुस्तकात गायले, स्वतःही ओढू लागला आणि शेवटी नाकावरच्या व्रणाने गेला. तो कर्करोग असावा असे मानतात. तंबाखूमुळेच झाला का? एका माणसावरून ते सांगता येणार नाही, डी. हजारो माणसांवरून मात्र तंबाखूचे उत्तर केव्हाच मिळाले आहे.

चहा गार होत होता आणि मला आता चेव आला होता. 'अजून एक दे,' मी म्हटले. तिने दिले ते असे. प भागिले फ बरोबर ब भागिले भ. चारही संख्या शून्यापेक्षा मोठ्या. राशी ए : फ. राशी बी : भ.

या वेळी मी लगेच 'डी' म्हणालो आणि बरोबर आलो. दोन अपूर्णांक सारखे असले म्हणून त्यांचे छेद सारखे नसतात. तीस भागिले तीस म्हणजे एक आणि शंभर भागिले शंभर म्हणजेही एकच. हे उत्तर मला पुस्तकातून आलेले नव्हते. ते एका आजींनी शिकवले होते आणि शिकवणीची किंमतही त्यांनीच मोजली होती.

गोष्टीआधी थोडे शरीरशास्त्र सांगायला हवे. मूत्रपिंडे कशी चालली आहेत हे पाहायला आपण रक्तातले क्रिएटिनिन तपासतो. हा पदार्थ स्नायूंमध्ये रोज तयार होतो आणि मूत्रपिंडे तो गाळून लघवीवाटे बाहेर टाकतात. रक्तात किती साठलेले दिसते? जितके तयार होते, भागिले जितके गाळले जाते. म्हणजे अपूर्णांकच झाला : वर स्नायू, खाली मूत्रपिंड. रिपोर्टमध्ये छापून येते ते फक्त भागाकाराचे उत्तर. धडधाकट तरुणात अंशही मोठा आणि छेदही मोठा. वयाने वाळलेल्या माणसात स्नायू कमी म्हणून अंश लहान, गाळण कमी म्हणून छेदही लहान. उत्तर दोघांचेही १.०. रिपोर्टवर तारा नाही, लाल अक्षर नाही, सगळे 'नॉर्मल'.

सोळा-सतरा वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा मी दुसऱ्या रुग्णालयात होतो. ७६ वर्षांच्या आजी लघवीचा जंतुसंसर्ग होऊन तापाने फणफणत दाखल झाल्या. क्रिएटिनिन १.०. त्याच दिवशी पुरुषांच्या वॉर्डात एक तिशीचा हमाल होता, त्याचेही १.०. दोघांनाही अ‍ॅमिकासिन सुरू झाले, पाचशे मिलिग्रॅम दिवसातून दोनदा. ही आम्हा सगळ्यांच्या हातात बसलेली मात्रा होती. कुपीच पाचशेची येते. निवासी डॉक्टरने लिहिले, राउंडला मी पाहिले आणि मान डोलावली. सही माझी होती, तेव्हा चूकही माझीच.

आजी झोपूनच होत्या. वजनकाटा ओपीडीत होता. त्यांचे वजन कुणी केले नाही.

सात-आठ दिवसांनी त्यांचा मुलगा म्हणाला, 'डॉक्टर, ताप उतरला, पण आई हाक मारली तरी वळत नाही.' मला वाटले, अशक्तपणा असेल. मग मीच जवळ जाऊन विचारले, 'आजी, बरं वाटतंय का?' त्या माझ्या ओठांकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, 'कानात नुसता आवाज येतोय हो बाबा, तुमचं काही कळत नाही.' क्रिएटिनिन पुन्हा केले, २.४. अ‍ॅमिकासिन शरीराबाहेर जाते ते मूत्रपिंडातूनच. साठत गेले तर ते मूत्रपिंडाला इजा करते आणि आतल्या कानातल्या नाजूक पेशी मारते. मूत्रपिंडे बहुतेक वेळा सावरतात, त्या पेशी पुन्हा उगवत नाहीत. औषध बंद केले, काही आठवड्यांत क्रिएटिनिन खाली आले. ऐकू मात्र परत आले नाही. महिन्याभराने तपासणीला आल्या तेव्हा मुलगा सांगत होता, आई आता कीर्तनाला जात नाही, म्हणते बसून काय करू.

तेव्हा कुठे मी कागद-पेन घेऊन बसलो. कॉकक्रॉफ्ट आणि गॉल्ट या दोन डॉक्टरांनी १९७६ साली दिलेले एक सूत्र आम्ही सगळेच पाठ करून परीक्षेत लिहिलेले असते. १४० मधून वय वजा करा, किलोतल्या वजनाने गुणा, मग ७२ गुणिले क्रिएटिनिनने भागा. रुग्ण स्त्री असेल तर उत्तराला ०.८५ ने गुणा. मिनिटाला किती मिलिलिटर रक्त क्रिएटिनिनमुक्त होते याचा अंदाज मिळतो. हमाल तीस वर्षांचा, ७२ किलोचा : ११० गुणिले ७२ भागिले ७२, म्हणजे ११०. आजींचे वजन तपासणीला आल्या तेव्हा केले, ४० किलो. ६४ गुणिले ४० भागिले ७२, गुणिले ०.८५, म्हणजे ३०. रिपोर्टवर बरोबरीचे चिन्ह आणि प्रत्यक्षात साडेतीन पटींपेक्षा जास्त फरक. त्यात अ‍ॅमिकासिनची नेहमीची मात्रा, तीही धडधाकट मूत्रपिंडांसाठी, दिवसाला किलोमागे १५ मिलिग्रॅम. हमालाला हजार चालून गेले. आजींना नुसत्या वजनाच्या हिशेबाने सहाशेच्या वर जायला नको होते आणि मूत्रपिंडांचा हिशेब धरला तर त्याहून बरेच कमी. आम्ही त्यांना किलोमागे २५ दिले.

या सूत्राचा मूळ अभ्यास जवळजवळ सगळा पुरुषांवर झाला होता. हल्ली प्रयोगशाळा रिपोर्टवर 'ईजीएफआर' म्हणून जो आकडा छापतात तो नव्या सूत्रांनी काढलेला असतो. त्यात वय आणि लिंग धरतात, पण वजन धरत नाहीत, शरीर सरासरी आकाराचे आहे असे मानतात. म्हणजे तिथेही एक अट गुपचूप बसलेली आहेच. फार बारीक, फार थोराड किंवा पाय कापलेला माणूस असेल तर ती अट मोडते. घरातल्या वृद्धांना नवे औषध सुरू होताना 'यांचं वजन अमुक आहे' एवढे आपणहून सांगा. डॉक्टरला राग येणार नाही. आला तर येऊ द्या.

छेदात बसलेल्या संख्येचा आणखी एक खोडसाळपणा आहे. एकाच माणसाचे क्रिएटिनिन ०.८ वरून १.६ झाले आणि तिथेच स्थिरावले, तर गाळण निम्म्यावर आली असे समजायचे. दुसऱ्याचे ४ वरून ४.८ झाले, वाढ तेवढीच, ०.८ ची. पण त्याची गाळण सहाव्या हिश्शानेच घटली. गंमत अशी की पहिला रुग्ण 'थोडंसंच वाढलंय' म्हणून सहा महिने फिरकत नाही आणि दुसरा ०.८ ने वाढले म्हणून रात्री बारा वाजता फोन करतो.

एवढे ऐकल्यावर कुणाला वाटेल, मग सगळीकडे डी म्हणून मोकळे व्हावे. इंटर्नने मला याचेही उत्तर दाखवले. राशी ए : क्षचा वर्ग अधिक दोन. राशी बी : दोन क्ष. अक्षर दिसतेय, माहिती काहीच नाही, मग डी? नाही. ए मधून बी वजा करा. उरते ते (क्ष वजा एक)चा वर्ग अधिक एक. वर्ग कधी ऋण नसतो, त्यात एक मिळवला, म्हणजे ही वजाबाकी नेहमीच शून्यापेक्षा मोठी. क्ष काहीही असो, ए मोठीच. दोनच्या जागी एक असता तर मात्र क्ष बरोबर एकला दोन्ही समान झाल्या असत्या आणि उत्तर डी झाले असते. तसेच दोन्ही राशींत नुसते आकडेच असतील, अक्षर नसेल, तर डी कधीच बरोबर नसतो, कारण आकड्यांचे नाते ठरलेलेच असते, आपल्याला काढता येवो न येवो. डी म्हणायचे तर दोन उदाहरणे दाखवावी लागतात, एक या बाजूचे, एक त्या बाजूचे. 'काही सांगता येत नाही हो' असे खांदे उडवणे म्हणजे डी नव्हे.

मग मी तिला एक गणित घातले. ते तिच्या पुस्तकात नव्हते, १९८६ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या एका अभ्यासात होते. मूतखड्यावर दोन उपचार, एक पोट उघडून शस्त्रक्रिया, दुसरा पाठीतून छोट्या छिद्रावाटे दुर्बिणीने खडा काढणे. खडा लहान असलेल्यांत उघडी शस्त्रक्रिया ८७ पैकी ८१ जणांत यशस्वी, म्हणजे ९३ टक्के. दुर्बिणीची २७० पैकी २३४, ८७ टक्के. खडा मोठा असलेल्यांत उघडी २६३ पैकी १९२, ७३ टक्के. दुर्बिणीची ८० पैकी ५५, ६९ टक्के. 'आता सगळे रुग्ण एकत्र केले तर कोणती सरस?'

'उघडीच की, सर. दोन्हीकडे तीच पुढे आहे.'

'बेरीज कर.'

तिने केली. उघडी ३५० पैकी २७३, म्हणजे ७८ टक्के. दुर्बिणीची ३५० पैकी २८९, ८३ टक्के. ती दोनदा तपासून पाहत होती. ए मोठी, ए मोठी आणि एकत्र केल्यावर बी मोठी. दोन असमानता एकाच दिशेच्या असतील तर त्यांची बेरीज करता येते हे खरे, पण अंशात अंश आणि छेदात छेद मिळवणे म्हणजे अपूर्णांकांची बेरीज नव्हे. अवघड, मोठे खडे बहुतेक उघड्या शस्त्रक्रियेच्या वाट्याला आले होते, त्यामुळे तिची एकूण सरासरी खाली ओढली गेली. सांख्यिकीत याला सिम्पसनचा विरोधाभास म्हणतात. हे आकडे चाळीस वर्षांपूर्वीचे आहेत, तंत्रे खूप बदलली, तेव्हा त्यावरून कुणी आपली शस्त्रक्रिया ठरवू नये. पण एखाद्या रुग्णालयाचा यशाचा दर ८३ टक्के आणि दुसऱ्याचा ७८ अशी जाहिरात वाचाल, तेव्हा अवघड रुग्ण कुणाकडे जातात हे आधी विचारा. सरकारी रुग्णालयात आयुष्य काढलेला माणूस म्हणून मला हे जरा जास्तच लागते. बाहेर हात टेकलेले रुग्ण शेवटी आमच्याकडे येतात आणि आमचे मृत्यूचे आकडे बाहेरच्यांपेक्षा मोठे दिसतात.

एवढ्यात निवासी डॉक्टर केसपेपर घेऊन आला. तो स्थिर नसलेला रुग्ण, ८१ वर्षांचे बाबा, ताप पुन्हा चढला होता. त्याने अँटिबायोटिक बदलून नवे लिहिले होते, मूत्रपिंडातून जाणारे. क्रिएटिनिन १.१. मात्रा नेहमीची. मी सही करायला पेन काढले, तेवढ्यात इंटर्न केसपेपरवर वाकून म्हणाली, 'सर, वजनाची जागा कोरी आहे.'

बाबांना उभे राहता येत नव्हते. वजनकाटा वॉर्डात होता, एवढी तरी आता सोय आहे. त्यांचा मुलगा बाहेर बाकावर पेंगत होता, त्याला उठवले. त्याने वडिलांना लहान मुलासारखे उचलून घेतले आणि काट्यावर उभा राहिला, १०४. बाबांना खाटेवर ठेवून एकटा उभा राहिला, ६१. इंटर्नने वजाबाकी करून कोऱ्या जागेत ४३ लिहिले आणि मोबाइलवर सूत्र मांडले. ५९ गुणिले ४३, भागिले ७२ गुणिले १.१. उत्तर आले ३२. निवासी डॉक्टरने लिहिलेली मात्रा खोडली आणि नवी लिहिली. मी सही केली. चहा तोवर पार गार झाला होता.